सळई कुणाच्या घराची?

पत्र असं आहे:

"मॅडम, माझं वय ४४. बी.कॉम. झालेय. सांगलीत एका सीएंच्या ऑफिसात बरीच वर्षं अकाउंट्स बघते. टॅली, जीएसटी, टीडीएस, सगळं. दिवाळीनंतर सरांनी नवीन सॉफ्टवेअर आणलं. बँकेचं स्टेटमेंट आणि बिलांचे फोटो टाकले की एन्ट्र्या आपोआप पडतात. मला एका पार्टीला दोन दिवस लागायचे, तेच काम नवीन आलेला मुलगा चहा यायच्या आत उरकतो. तेवीस वर्षांचा आहे. स्वभावानं चांगला आहे, मला ताई म्हणतो, पण त्याच्याकडे बघितलं की पोटात गोळा येतो. सर काही बोलत नाहीत, पण यंदा पगारवाढीचा विषयही त्यांनी काढलेला नाही.

गेल्या महिन्यात एका बेदाण्याच्या व्यापाऱ्याच्या खात्यात मशीननं सळईचं तीन लाखांचं बिल दुरुस्ती खर्चात टाकलं आणि क्रेडिटही धरलं, म्हणजे सळईवर दिलेला जीएसटी फर्मच्या करातून वजा केला. माझ्या लक्षात आलं, कारण मध्ये एकदा दुसऱ्याच कामाला फोन केला तेव्हा शेठ 'आज स्लॅब आहे, उद्या बोलू' म्हणाले होते. विचारलं तर सळई घराच्या बांधकामाचीच. क्रेडिट काढून टाकलं. सर 'बरं झालं' म्हणाले आणि पुढच्या फायलीला लागले. ते जाऊ दे.

माझा मुलगा म्हणतो, एआयचा कोर्स कर. ऑनलाइन एक बघितलाय, अठरा हजार फी आहे. करू का? की सरळ शिवणक्लास काढू? शिवण येतं मला. माझ्यासारखीनं आता पुढं काय करायचं?"

— एक वाचक, सांगली

ताई,

तुमच्या पत्रात मुलगा आहे, सर आहेत, कोर्सची फी आहे, आणि मध्येच सळईची गोष्ट आहे. तिच्यापुढे तुम्ही 'ते जाऊ दे' लिहून मोकळ्या झालात. मी तिथंच थांबणार आहे, कारण तुम्ही जे विचारलंय त्याचं उत्तर तुम्हीच तिथं लिहून ठेवलंय.

आधी त्या बिलाचे पैसे मोजू. कर सोडून बिल तीन लाखांचं धरलं, तर सळईवर १८ टक्क्यांनी जीएसटी होतो ५४,००० रुपये. दुकानाची किरकोळ दुरुस्ती असती तर हे क्रेडिट कदाचित चाललंही असतं. घर बांधायला घेतलेल्या मालाचं चालत नाही, कलम १७(५) मध्ये ते साफ अडवलेलं आहे. हे क्रेडिट वापरलं गेलं असतं आणि दोन वर्षांनी नोटीस आली असती, तर मूळ ५४,००० परत, त्यावर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याजाचे साडेएकोणीस हजारांच्या आसपास, वर दंड वेगळा. शिवाय घराचा खर्च धंद्यात टाकला म्हणून आयकराचं लफडं निराळं. तुमच्या एका फोननं शेठचे हे सगळे पैसे वाचले, आणि सरांच्या ऑफिसची अब्रूही. सर 'बरं झालं' म्हणाले. बरोबरच आहे, झालं ते बरंच झालं. पण ते किती रुपयांचं बरं झालं हे त्यांना कुणी सांगितलंच नाही.

आता मशीनच्या बाजूनं बघू. त्याच्यासमोर काय होतं? बिल. त्यावर फर्मचं नाव, सत्तावीसनं सुरू होणारा फर्मचा जीएसटी नंबर, सळईचा एचएसएन कोड (जीएसटीतला मालाचा क्रमांक), रक्कम, बँकेतून गेलेलं पेमेंट. कागदावर एकही खोट नाही. मीही नुसता तो कागद बघितला असता तर दुरुस्तीतच टाकला असता. खरं काय ते कागदावर नव्हतंच. ते 'आज स्लॅब आहे' या तीन शब्दांत होतं, आणि ते शब्द दुसऱ्याच कामाच्या फोनवर, घाईघाईत, तुमच्या कानावर पडले होते. तुम्ही ते डोक्यात ठेवलेत, आणि पुढे सळई दिसल्यावर ते आठवले.

इथं तुम्हाला खोटा धीर द्यायची माझी इच्छा नाही. असली सॉफ्टवेअर भराभर सुधारतायत. उद्या तेच मशीन बिलावरचा डिलिव्हरीचा पत्ता वाचेल, दुकान मार्केट यार्डात आणि माल उतरला विश्रामबागेत म्हणून लाल खूण करेल. 'चूक पकडणारी ताई' एवढ्याच भांडवलावर बसलात तर दोन-तीन वर्षांत तेही आटेल.

पण लाल खूण पडल्यावर पुढे काय होतं ते मनाशी आणून बघा. शेठच्या मोबाइलवर एक मेसेज जाईल: 'सदर खरेदीबाबत स्पष्टीकरण द्यावे.' शेठ काय उत्तर देतील हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. 'दुकानाची आहे' म्हणून मोकळे होतील. किंवा उत्तरच देणार नाहीत, आणि रिटर्नची वीस तारीख आली की 'टाकून द्या' म्हणतील. तुम्ही विचारलंत तेव्हा ते 'घराची हो' म्हणाले. का म्हणाले? कारण इतक्या वर्षांत तुम्ही त्यांची गोष्ट चारचौघांत केली नाही, त्यांच्या अडचणीच्या वेळी रिटर्न भरून दिलंत, आणि त्यांना माहीत आहे की तुम्ही विचारता ते त्यांना पकडायला नव्हे. माणसं खरं बोलतात ती माणूस बघून. हे कौशल्य आहे, ताई. स्वभाव म्हणून तुम्ही ते बाजूला ठेवता, म्हणून बाकीचेही ठेवतात.

आणि त्याच्या पुढचा भाग तर तुम्ही पत्रात लिहिलाच नाहीत. 'क्रेडिट काढून टाकलं' एवढंच. म्हणजे कुणीतरी शेठना सांगितलं असणार की या महिन्यात ५४,००० रोख जादा भरावे लागतील. ते तुम्हीच सांगितलं असणार. एक व्यापारी, ज्याचं बांधकाम चालू आहे, ज्याचा पैसा सिमेंट-वाळूत अडकलाय, त्याला फोनवर 'नाही शेठ, हे घेता येणार नाही' म्हणायचं, आणि तरी पुढच्या महिन्यात त्यानं फाईल घेऊन तुमच्याकडेच यायचं. हे बी.कॉम.ला शिकवत नाहीत. कुठलं सॉफ्टवेअरही हे तुमच्या वतीनं करणार नाही, कारण नाही म्हणायला कुणीतरी समोर असावं लागतं, ज्याच्यावर शेठला चिडता येतं आणि चिडून झाल्यावर ज्याचं ऐकता येतं.

मी बँकेत होते, हे या सदराच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे. तुमच्या पोटातला गोळा मी जवळून बघितलाय. १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना आणि इंडियन बँक्स असोसिएशन यांच्यात करार झाला, बँकांत यंत्रं कुठं आणि किती आणायची याचा. १९८४ साली बँकांच्या संगणकीकरणावर रंगराजन समितीचा अहवाल आला. मग लेजर पोस्टिंगची, म्हणजे खातेवहीत नोंदी करणारी, मशीनं शाखांत येऊ लागली आणि जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की विषय एकच: आता आपलं काय. वर्षानुवर्षं लेजर लिहिलेली, सुंदर अक्षराची माणसं होती. अक्षराची किंमत एका वर्षात शून्य झाली. हे वाईट वाटण्यासारखंच होतं, आणि ज्यांना वाईट वाटलं त्यांची थट्टा करू नये.

पण त्याच टेबलांवर दुसरी काही माणसं होती. तेव्हा बचत खात्यावर व्याज महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर निघायचं. रोजच्या शिलकीवर व्याज २०१० च्या एप्रिलपासून सुरू झालं. सहामाहीला ते हातानं काढायचं म्हणजे रात्र व्हायची. हे काम केलेल्या माणसांना आकड्याचा वास यायचा. मशीनमधून निघालेल्या याद्या आल्या की ते बोट फिरवत जायचे आणि एका ठिकाणी थांबायचे. 'हे एवढं कसं? या बाईंची पेन्शन येते आणि तीन तारखेला संपते.' उघडून बघितलं की कुठंतरी मास्टरमध्ये, म्हणजे खात्याच्या मूळ माहितीत, काहीतरी चुकीचं भरलेलं असायचं. त्यांना संगणक येत नव्हता. त्यांच्याकडे अंदाज होता, आणि त्या पेन्शनवाल्या बाई माहीत होत्या. शाखेतली नवीन मुलं मशीनची बटणं शिकवायची आणि शंका आली की याच लोकांकडे जायची.

तुमच्याकडे हा अंदाज आहे. तो टिकवणं हे आता मुद्दाम करायचं काम झालंय, कारण आधी तो रोजच्या एन्ट्रीतून फुकट मिळायचा. लिझान बेनब्रिज नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्येच (त्याच कराराच्या वर्षी, योगायोग) यावर नेमकं बोट ठेवलं होतं. सोपं काम यंत्राकडे जातं, अवघड तेवढं माणसाकडे उरतं. आणि सोपं काम करता करता जो हात बसायचा तो बसेनासा होतो, म्हणजे अवघड प्रसंगी माणूस नेमका कच्चा निघतो. बेनब्रिजबाई कारखान्यांतल्या आणि नियंत्रणकक्षांतल्या यंत्रांविषयी बोलत होत्या. तुमच्या टॅलीला ते तंतोतंत लागू आहे.

तर एक सवय लावा. कुठल्याही पार्टीचा महिना स्क्रीनवर उघडायच्या आधी कागदावर दोन आकडे लिहा: या महिन्यात विक्री किती असावी, कर किती भरावा लागेल. बेदाण्याचा सीझन आहे का, मागचा महिना कसा होता, मार्केटला काय बोलतायत, एवढ्यावरून. मग उघडा. तुमचा आकडा आणि मशीनचा आकडा जवळपास असतील तर ठीक. लांब असतील तर दोघांपैकी एक चुकलंय, आणि कोण ते शोधायचं. कधी तुम्ही चुकाल. त्यातून त्या धंद्याबद्दल नवीन काहीतरी कळेल. पण आधी मशीनचा आकडा बघून मग 'हो, बरोबर वाटतोय' म्हणणं याला तपासणी म्हणत नाहीत. छापून आलेला आकडा बघितला की डोकं त्याच्याच बाजूनं विचार करायला लागतं, तुमचंही आणि माझंही. आणि महिन्यातून एका पार्टीचं काम, छोट्या का असेना, पहिल्यापासून शेवटपर्यंत हातानं करा. बिलं हातात घेऊन. सरांना सांगून करा, चोरून नको.

अंदाज बाळगून ठेवायचा नसतो, बोलायचाही असतो, आणि बोलायला कधी कधी जीव लागतो. ब्रिटनमधल्या टपाल खात्याची गोष्ट तुमच्या कानावर आली असेल. तिथं गावोगावची छोटी पोस्ट ऑफिसं चालवणाऱ्या लोकांना १९९९ पासून होरायझन नावाची हिशेबाची संगणकप्रणाली दिली गेली. फुजित्सू कंपनीची. प्रणालीत दोष होते. संध्याकाळी हिशेब जुळवायला बसलं की तूट दिसायची, कधी काही पौंड, कधी हजारो. पोस्टमास्तर हेल्पलाइनला फोन करायचे, आणि त्यांच्यातल्या कितीतरी जणांना ऐकवलं जायचं की असा त्रास फक्त तुम्हालाच आहे, करारानुसार तूट तुम्ही भरायची. लोकांनी घरातले पैसे भरले, दागिने मोडले, घरं गहाण टाकली. पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत नऊशेहून अधिक जण चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरले. काही तुरुंगात गेले. काहींनी जीव दिला. सॉफ्टवेअरमध्येच दोष होते हे लंडनच्या उच्च न्यायालयानं २०१९ च्या डिसेंबरात मान्य केलं, आणि उरलेल्यांची शिक्षा रद्द करायला २०२४ मध्ये संसदेला वेगळा कायदा करावा लागला.

ही गोष्ट मी एवढी लांबवली, कारण ती हिशेबाची आहे आणि ती साध्या, तुमच्या-माझ्यासारख्या लोकांची आहे. तिथं अंदाज असलेली माणसं शेकड्यांनी होती. आपल्या गल्ल्यात किती असतं हे त्यांना पक्कं माहीत होतं. कमी पडलं ते वरच्या टेबलावरचं कुणीतरी, ज्यानं फोन घेऊन म्हणायचं होतं की थांबा, या माणसाचं ऐकू, मशीन तपासू. ऑफिसात हे म्हणणारं माणूस म्हणजे तुम्ही. मशीन म्हणतंय म्हणून पार्टीला खोटं ठरवायचं नाही, आणि पार्टी म्हणतेय म्हणून मशीन खोटं धरायचं नाही. कागद मागवायचा, माणसाला विचारायचं, आणि काय ठरलं ते तारखेसह लिहून ठेवायचं.

लिहून ठेवण्यावर थोडी थांबते, कारण तुमचं नुकसान नेमकं तिथं होतंय. एक साधी दोनशे पानी वही घ्या. एक्सेल नको, वहीच घ्या, ती टेबलावर दिसते. तारीख, पार्टी, मशीननं काय केलं, खरं काय होतं, कसं कळलं, किती रुपये. एवढंच. पहिली नोंद सळईची. मग बघा काय काय येतं. शेठच्या मुलीची कॉलेजची फी फर्मच्या खात्यातून गेली आणि मशीननं ती प्रशिक्षण खर्चात टाकली; ती शेठची स्वतःसाठीची उचल आहे, धंद्याचा खर्च नाही. एकाच नावाचे दोन पुरवठादार, एकाचं पेमेंट दुसऱ्याच्या खाती. हातउसने घेतलेले दोन लाख विक्रीत जमा. एका दिवसात एकाच माणसाला दहा हजारांच्या वर रोख दिले, आयकरात ते चालत नाही, तरी खर्च तसाच पडून राहिला. शेवटच्या रकान्याची बेरीज महिनाअखेरीला मारा. वहीचा सूर मात्र सांभाळा. 'मुलानं चूक केली' असं कुठंही लिहायचं नाही. ती वही मशीनबद्दल आहे. वहीत त्या मुलाचं नाव आलं की पुढच्या आठवड्यापासून तो तुमच्यापासून गोष्टी लपवायला लागेल, आणि मग तुम्ही दोघंही बुडाल.

तो मुलगा. ताई, तुम्ही त्याच्याविषयी थोडंच लिहिलंय आणि त्यातलं अर्धं त्याच्या बाजूचं आहे, यावरून तुम्ही कशा आहात ते कळतं. त्याच्या खुर्चीत बसून बघा. त्याला सॉफ्टवेअर येतं, पण त्यानं आयुष्यात व्हाउचर लिहिलेलं नाही, बँक रिकोसाठी (बँकेचा आणि आपला हिशेब जुळवायला) दोन रुपयांच्या फरकापायी संध्याकाळ घालवलेली नाही. जमा-नावे त्यानं पुस्तकात वाचलंय. त्याच्या हातून जे काम होतंय त्यातून तो काही शिकत नाहीये, आणि तो हुशार असेल तर ही धाकधूक त्यालाही असेल. दोन वर्षांनी मशीन आणखी सुधारलं की त्याचं काय? तुमच्या नोकरीला त्याच्यापासून धोका आहे तेवढाच त्याच्या नोकरीलाही मशीनपासून आहे.

तेव्हा सौदा करा. रोज अर्धा तास तो तुम्हाला सॉफ्टवेअर शिकवेल, अर्धा तास तुम्ही त्याला पार्टी शिकवाल. पार्टी शिकवायची म्हणजे कुठला व्यापारी कधी उधारीवर घेतो, कुणाचा भाऊ वेगळा झालाय आणि बिलं अजून जुन्या फर्मच्या नावावर येतायत, कुणाला फोन सकाळी अकराच्या आत करायचा नाही. हे आज फक्त तुमच्या डोक्यात आहे. ते वाटून टाकलं तर आपली किंमत कमी होईल अशी भीती वाटेल. मी उलट बघितलंय: डोक्यात दडवून ठेवणाऱ्या माणसाची अडचण होते आणि शिकवणाऱ्याचं वजन वाढतं. पार्टीला फोन करताना त्याला शेजारी बसवा. तुम्ही 'सळई कुठल्या कामाला घेतली हो शेठ' हे कुठल्या सुरात विचारता ते त्यानं ऐकायला हवं. 'ही सळई वैयक्तिक वापराची आहे का?' असं विचारलं असतं तर शेठ सावध झाले असते. हा फरक लिहून देता येत नाही, ऐकूनच कळतो.

आता कोर्स. अठरा हजार घालू नका. तुमच्या ऑफिसात सॉफ्टवेअर आहे, शिकवणारा आहे, खरी बिलं आहेत. यापेक्षा चांगला कोर्स कोण देणार? पण 'मला नाही बाई जमत' हे मात्र आजपासून बंद. सॉफ्टवेअर पूर्ण आलं पाहिजे. ते कुठं ठामपणे चुकतं हे कळण्यासाठी ते स्वतः चालवावं लागतं. मराठीतली हाताची बिलं त्याला वाचता येतात का, फाटका फोटो टाकला तर ते गप्प बसतं की मनचा आकडा टाकतं, एकच बिल दोनदा गेलं तर काय करतं, हे करून बघा.

दोन गोष्टींची काळजी घ्या. ही मशीनं खोटंही आत्मविश्वासानं बोलतात. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात दोन वकिलांनी चॅटजीपीटीनं दिलेले निवाडे दाखल केले. ते निवाडे मुळात अस्तित्वातच नव्हते. गंमत अशी की त्यांच्यापैकी एकानं शंका येऊन विचारलं होतं, 'हा निवाडा खरा आहे का?' आणि विचारलं कुणाला, तर त्याच चॅटजीपीटीला. ते हो म्हणालं. कोर्टानं पाच हजार डॉलर दंड केला. नोटिशीला उत्तर लिहायला मशीनची मदत जरूर घ्या, इंग्रजी छान लिहून देतं. पण त्यानं दिलेलं कलम, परिपत्रक, निवाडा हे मूळ ठिकाणी जाऊन बघितल्याशिवाय सरांच्या सहीला पाठवायचं नाही. दुसरं म्हणजे, फुकटच्या चॅटमध्ये पार्टीचं स्टेटमेंट, पॅन, आधार टाकायचं नाही. ऑफिसातला मुलगा घाईत टाकत असेल तर त्याला थांबवा. लोकांनी ते कागद तुमच्या ऑफिसला दिलेत, तुमच्या भरवशावर.

राहिला सरांचा विषय. सर बोलत नाहीत म्हणून तुम्हीही बोलत नाही, आणि दोघांच्या मध्ये तो पगारवाढीचा विषय तसाच पडलाय. सर वाईट असतील असं मला वाटत नाही. त्यांना बहुधा एवढंच दिसतंय की पूर्वी दोन दिवसांचं काम आता तासात होतंय, आणि उरलेल्या वेळात ताई काय करतात हे त्यांना ठाऊक नाही. ते तुम्ही सांगायचंय. दोन महिन्यांची वही झाली की घेऊन जा आणि सरळ बोला. साधारण असं: "सर, एन्ट्रीचं काम आता मशीन करतं, ते चांगलंच आहे. पण पडलेल्या एन्ट्रीवर आज कुणीच नजर टाकत नाही. दोन महिन्यांत एवढ्या रकमेचं हे सापडलं. मला वाटतं, थ्रीबी, म्हणजे महिन्याचं जीएसटी रिटर्न, भरायच्या आधी प्रत्येक पार्टी माझ्याकडून पास व्हावी, आणि शंका असेल तिथं पार्टीशी मीच बोलावं. पासची जबाबदारी माझी, नाव माझं. त्या हिशेबानं माझा पगार बघा."

'नाव माझं' हे म्हणायला धीर लागेल. ते म्हणा. एखादं चुकलं तर बोलणी खावी लागतील, ही त्याची किंमत आहे. पण ज्या कामाखाली कुणाचं तरी नाव लागतं त्याच कामाला पुढे पैसे मिळणार आहेत. नुसत्या टायपिंगला नाही. आणि त्यांच्याकडे जाताना विनवणीच्या सुरात जाऊ नका. 'इतकी वर्षं निष्ठेनं काम केलं' हे वाक्य वापरू नका. ते खरं आहे, पण त्यानं समोरच्याला अपराधी वाटतं आणि अपराधी वाटलेला माणूस लवकर विषय संपवतो. वहीतली बेरीज दाखवा.

सर हो म्हणतीलच असं मी लिहून देऊ शकत नाही. काही ऑफिसं माणसं कमी करतील, काही करतायत. सरांनी वही बघूनही मान डोलावून सोडून दिलं, तर तेही एक उत्तर आहे, आणि ते लवकर कळलेलं बरं. तसं झालं तर तुमच्यासमोर रस्ता बंद नाही. बी.कॉम. आहात, तेव्हा जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून नोंदणी करता येते. अठरा हजारांऐवजी जीएसटीच्या अभ्यासाला संध्याकाळ द्या, नोकरी राहिली तरी फुकट जाणार नाही. आणि सांगली-तासगाव-मिरज पट्ट्यात असे कितीतरी मध्यम व्यापारी आहेत ज्यांना पूर्ण वेळ अकाउंटंट परवडत नाही, सॉफ्टवेअर परवडतं, पण त्या सॉफ्टवेअरमधून काय निघालं ते मराठीत समजावून सांगणारं कुणी मिळत नाही. आठवड्यातून एक दिवस अशा चार-पाच ठिकाणी जाणाऱ्या बायका मला माहीत आहेत. सरांच्या पार्ट्या फोडून मात्र नको. गाव लहान आहे.

शिवणक्लास काढायचा असेल तर हौसेनं काढा, रविवारी काढा. घाबरून काढू नका.

तुमच्या मुलाला सांगा, कोर्स रद्द. वही आणायला त्यालाच पाठवा. आणि दोन महिन्यांनी सरांच्या केबिनमध्ये जायचा दिवस नीट निवडा: वीस तारीख उलटल्यावरचा एखादा शनिवार. अकरा ते वीस मध्ये चुकूनही जाऊ नका. जीएसटीआर-वन (विक्रीचं रिटर्न) झालं की टूबीची (खरेदीच्या क्रेडिटच्या यादीची) वाट, टूबी आलं की थ्रीबी. त्या दिवसांत सीएच्या ऑफिसात पगारवाढ सोडाच, आग लागलीय असं सांगितलं तरी 'थ्रीबी झाल्यावर बघू' हेच ऐकायला मिळेल.